निकाल, अनुदान आणि मागे राहिलेले मूल

इ. स. २००२ च्या जानेवारीच्या ८ तारखेस अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांचे अध्यक्ष जॉर्ज डब्ल्यू. बुश यांनी सार्वजनिक शाळांविषयीच्या एका कायद्यावर स्वाक्षरी केली. ‘एकही मूल मागे राहू नये’ असा त्या कायद्याच्या नावाचा आशय होता. या हेतूशी कोणाचा मतभेद असण्याचे कारण नव्हते. काँग्रेसच्या दोन्ही सभागृहांत दोन्ही प्रमुख पक्षांनी मोठ्या बहुमताने तो संमत केला होता. पुढे २०१५ च्या डिसेंबरात तशाच उभयपक्षी बहुमताने तो बाजूस सारण्यात आला व त्याच्या जागी दुसरा कायदा आला. ज्याचा हेतू सर्वांस मान्य होता, तो कायदा अवघ्या चौदा वर्षांत सर्वांस नकोसा का झाला, हा प्रश्न शिक्षणशास्त्राच्या अभ्यासकाने आस्थेने विचारावयास हवा. तो केवळ परदेशाच्या राज्यकारभाराचा प्रश्न नव्हे.

प्रमाणित कसोट्यांवर सामान्यतः जी टीका होते ती कसोटीच्या रचनेवर होते. प्रश्न वस्तुनिष्ठ स्वरूपाचे असतात, पर्यायांतून उत्तर निवडण्याने विचारशक्तीची परीक्षा होत नाही, भाषेचा व संस्कृतीचा पक्षपात प्रश्नांत शिरतो, इत्यादी आक्षेप परिचित आहेत आणि त्यांत तथ्यही आहे. परंतु हे दोष दूर करता येण्याजोगे आहेत. प्रस्तुत लेखाचे प्रतिपाद्य त्याहून वेगळे आहे. कसोटी कितीही निर्दोष असली, तरी तिच्या निकालावर शिक्षकाची उपजीविका व शाळेचे अस्तित्व अवलंबून ठेविले की ती मापनाचे साधन उरत नाही. आणि या बदलाची किंमत ज्या मुलाच्या नावाने सुधारणा आरंभिली त्याच मुलास द्यावी लागते. हे प्रतिपाद्य नवे नाही. अमेरिकेतील संशोधकांनी ते आकड्यांनी दाखवून देण्यापूर्वी शंभराहून अधिक वर्षे ते मुंबई इलाख्यात मांडले गेले होते, हे पुढे दिसून येईल.

१. कायद्यामागील गृहीतकृत्ये

या कायद्याने तिसरी ते आठवी या इयत्तांतील प्रत्येक मुलाची वाचन व गणित या दोन विषयांत दरवर्षी कसोटी घेणे राज्यांवर बंधनकारक केले. माध्यमिक स्तरावर ती एकदा घ्यावयाची होती. निकाल केवळ शाळेच्या सरासरीने न सांगता वंश, दारिद्र्य, अपंगत्व व इंग्रजी भाषेचे अपुरे ज्ञान यांनुसार गटवार जाहीर करावयाचे होते. २०१३-१४ या शालेय वर्षाच्या अखेरीस सर्व गटांतील सर्व मुले प्रावीण्याच्या पातळीस पोचली पाहिजेत, असे अंतिम उद्दिष्ट ठेवून मधल्या प्रत्येक वर्षासाठी लक्ष्ये ठरविण्यात आली. लागोपाठ दोन वर्षे ज्या शाळेस लक्ष्य गाठता आले नाही, त्या शाळेतील पालकांस पाल्य अन्यत्र नेण्याची मुभा मिळे. तिसऱ्या वर्षी मोफत शिकवणीची तरतूद करावी लागे. आणि अपयश चालूच राहिल्यास शिक्षकवर्ग बदलणे किंवा शाळेची संपूर्ण पुनर्रचना करणे इथपर्यंत मजल जाई. मात्र कोणती कसोटी घ्यावी आणि प्रावीण्याची रेषा कोठे आखावी, हे ठरविण्याचा अधिकार ज्या त्या राज्याकडेच राहिला.

या योजनेत दोन गृहीतकृत्ये अंतर्भूत आहेत. पहिले असे की, कसोटीतील गुण वाढणे म्हणजे ज्ञान वाढणे. दुसरे असे की, शाळांत जे उणे आहे ते प्रयत्नांचे आहे. धाक किंवा प्रलोभन दाखविले की प्रयत्न वाढतील आणि उणीव भरून निघेल. साधनसामग्री, शिक्षकांची तयारी, मुलाच्या घरची स्थिती यांपैकी काही उणे असू शकेल, ही शक्यता या दुसऱ्या गृहीतकृत्यात जवळजवळ वगळली गेली आहे.

या गृहीतकृत्यांस २००९ मध्ये अधिक टोक आले. बराक ओबामा यांच्या प्रशासनाने ४३५ कोटी डॉलरचा निधी स्पर्धेने वाटण्याची योजना काढली आणि शिक्षकांचे मूल्यमापन विद्यार्थ्यांच्या गुणवृद्धीशी जोडणाऱ्या राज्यांस तीत झुकते माप दिले. त्यासाठी जी सांख्यिकीय प्रतिमाने वापरली गेली, त्यांविषयी अमेरिकन संख्याशास्त्र संघटनेने २०१४ मध्ये एक निवेदन काढले. बहुतेक अभ्यासांनुसार विद्यार्थ्यांच्या गुणांतील एकूण विचरणापैकी सुमारे १ ते १४ टक्के एवढ्याच भागाचे श्रेय शिक्षकास देता येते, असे त्यात स्पष्ट केले होते. शिक्षकाचे महत्त्व अल्प आहे असा याचा अर्थ नव्हे. एका वर्षाच्या गुणांवरून एका शिक्षकाचा न्याय करणे धोक्याचे आहे, एवढाच त्याचा अर्थ.

२. इंग्लंडमधील पूर्वप्रयोग

निकालावर मोबदला ही कल्पना एकविसाव्या शतकाची नव्हे. इंग्लंडमध्ये प्राथमिक शाळांच्या स्थितीची चौकशी करणाऱ्या न्यूकॅसल आयोगाचे प्रतिवृत्त १८६१ मध्ये प्रसिद्ध झाले. तपासनीस वरच्या वर्गांतील हुशार मुले पाहून समाधान मानतात आणि बहुसंख्य मुलांस साधे लिहिता-वाचताही येत नाही, अशी तक्रार त्यात होती. तक्रार खरी होती. शिक्षण खात्याचे सूत्रधार रॉबर्ट लो यांनी तीवर जो उपाय योजिला, तो १८६२ ची ‘सुधारित संहिता’ म्हणून ओळखला जातो. मुलाच्या उपस्थितीबद्दल चार शिलिंग, आणि सहा वर्षांवरील मुलाबद्दल आणखी आठ शिलिंग, असे अनुदान शाळेस मिळावयाचे. परंतु तपासनिसापुढील परीक्षेत मूल वाचन, लेखन व गणित यांपैकी ज्या ज्या विषयात नापास होईल, त्या प्रत्येकाबद्दल दोन शिलिंग आठ पेन्स कापून घ्यावयाचे. ही व्यवस्था कार्यक्षम झाली नाही तर निदान स्वस्त तरी होईल, असा युक्तिवाद लो यांनी पार्लमेंटात केला. स्वस्ताईचा भाग खरा ठरला: प्राथमिक शिक्षणावरील सरकारी अनुदान १८६२ मध्ये आठ लाख पौंडांहून अधिक होते, ते १८६५ पर्यंत साडेसहा लाखांच्या आत आले.

कार्यक्षमतेचे काय झाले, याची साक्ष मॅथ्यू अर्नोल्ड यांनी दिली आहे. कवी व टीकाकार म्हणून आपणांस परिचित असलेले अर्नोल्ड १८५१ पासून पस्तीस वर्षे शाळा-तपासनीस होते, ही गोष्ट साहित्याच्या अभ्यासकांच्या लक्षात क्वचितच राहते. संहिता अमलात येण्यापूर्वीच तिला विरोध करणारा लेख लिहून त्यांनी आपल्याच वरिष्ठांचा रोष ओढवून घेतला होता. पाच वर्षांच्या अनुभवानंतर, १८६७ च्या प्रतिवृत्तात, त्यांनी जे नोंदविले त्याचा आशय असा: यांत्रिक युक्त्यांच्या या खेळात अखेर शिक्षकच तपासनिसांवर मात करतील, पुरेशी तयारी करून घेतली म्हणजे मुले खरोखर वाचता, लिहिता वा आकडेमोड करता येत नसतानाही त्या त्या परीक्षेत उत्तीर्ण होऊ शकतात, हे आताच दिसून येऊ लागले आहे. अर्नोल्ड यांनी शिक्षकास दोष दिला नाही, हे येथे लक्षात घेण्यासारखे आहे. ज्याच्या पगाराचा प्रश्न आहे तो मनुष्य परीक्षेची तयारी करून घेणारच. दोष त्या खेळाचे नियम करणाराचा आहे.

ही पद्धती १८९० च्या दशकात इंग्लंडमधून टप्प्याटप्प्याने काढून टाकण्यात आली. तथापि तिचा परिणाम तिच्याबरोबर गेला नाही. प्राथमिक शाळांचे मुख्य तपासनीस म्हणून निवृत्त झालेले एडमंड होम्स यांनी १९११ मध्ये जे पुस्तक प्रसिद्ध केले, त्यात आपल्या आयुष्यभराच्या नोकरीवरच त्यांनी टीका केली आहे. तीसहून अधिक वर्षे दुसऱ्याने आखून दिलेल्या चाकोरीतून चालविल्यानंतर शिक्षकास एकाएकी मोकळे सोडले, तरी स्वतःच्या बुद्धीने चालण्याची त्याची सवय मोडलेली असते, असे त्यांच्या प्रतिपादनाचे सार आहे.

३. मुंबई इलाखा आणि जोतीराव फुले यांचे निवेदन

इंग्लंडमधील ही पद्धती साम्राज्याच्या मार्गाने आपल्याकडेही आली. मुंबई इलाख्यात खासगी शाळांस अनुदान देताना १८६० च्या दशकापासून परीक्षेच्या निकालाचे तत्त्व अवलंबिण्यात आले. १८८२ मध्ये विल्यम हंटर यांच्या अध्यक्षतेखालील शिक्षण आयोगापुढे ज्यांनी निवेदने सादर केली, त्यांत जोतीराव फुले हे एक होते. १९ ऑक्टोबर १८८२ हा त्यांच्या निवेदनाचा दिनांक. शेतकऱ्यांच्या पैशातून उभा राहिलेला महसूल वरिष्ठ वर्गांच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो आणि प्राथमिक शिक्षणाची उपेक्षा होते, हा त्या निवेदनातील मुख्य मुद्दा सर्वश्रुत आहे. त्यातील निकालपद्धतीविषयीचे मत मात्र सहसा उद्धृत होत नाही, आणि प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने तेच अत्यंत महत्त्वाचे आहे.

फुले यांचे म्हणणे असे होते की, ज्या गरीब व अज्ञ लोकांत शिक्षणाची गोडी अद्याप उत्पन्न झालेली नाही, त्यांच्यांत विद्याप्रसार करण्यास ही पद्धती मुळीच उपयोगाची नाही. अशा लोकांत निकालाच्या भरवशावर स्वतः शाळा काढावयास कोणीही शिक्षक धजावणार नाही. कारण त्यावर त्याचे पोट भरणार नाही. जोवर ती गोडी उत्पन्न होत नाही, तोवर सरकारी शाळा व विशेष उत्तेजन यांवाचून गत्यंतर नाही.

हा युक्तिवाद दिसावयास साधा आहे. परंतु त्यातील विश्लेषण सूक्ष्म आहे. रॉबर्ट लो यांनी प्रश्न विचारला होता तो असा: मोबदला निकालावर ठेविला तर शिक्षक अधिक मेहनत घेईल की नाही? फुले यांनी त्याच्या आधीचा प्रश्न विचारला: मोबदला निकालावर ठेविला तर शिक्षक कोणत्या मुलांपाशी जाईल? ज्या मुलाचा बाप साक्षर आहे, ज्याच्या घरी पुस्तक आहे, ज्यास गुरे वळावयास जावे लागत नाही, त्याचा निकाल स्वस्तात मिळतो. ज्याची शाळा पेरणीला व सुगीला बुडते, त्याचा निकाल महाग पडतो. दोन्ही निकालांस एकच भाव दिला, की शहाणा शिक्षक पहिल्याकडे वळणार. भावाची समानता येथे न्यायाची समानता होत नाही. उलट ज्यास शिक्षणाची गरज सर्वांत अधिक, तेच मूल तोट्याचा माल ठरते.

फुले यांस शाळांची तपासणी नको होती असा समज कोणी करून घेऊ नये. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. वर्षातून एकदा डिप्टी येऊन जातात त्याचा काही उपयोग होत नाही, शाळांची तपासणी निदान तिमाहीस व्हावी, आणि मधूनमधून पूर्वसूचना न देताही भेट द्यावी, अशी मागणी याच निवेदनात आहे. शिक्षक प्रशिक्षित असावेत व त्यांस पुरेसे वेतन मिळावे, हाही त्यांचा आग्रह होता. म्हणजे देखरेख अधिक, वेतन निश्चित, आणि निकालाचा व्यापार नाही, अशी ही त्रिसूत्री आहे. मापन आणि मोबदला यांची फारकत करण्याचा हा विचार एतद्देशीय शिक्षणचर्चेत एवढ्या लवकर व एवढ्या स्पष्टपणे मांडला गेला होता, याची नोंद आमच्या शिक्षणेतिहासाने ठळकपणे घेतलेली नाही.

हंटर आयोगाने प्राथमिक शाळांच्या अनुदानासाठी निकालाचे तत्त्व सर्वसाधारणपणे कायमच ठेविले. मागासलेल्या भागांतील शाळांस मात्र विशेष नियमांनी साहाय्य देण्यास हरकत नाही, असा अपवाद त्याने केला. ज्या भागांत शिक्षणाचा प्रसार करावयाचा तेच भाग अपवादात जात असतील, तर नियम कोणासाठी उरला, हा प्रश्न आयोगाने स्वतःस विचारला नाही. लॉर्ड कर्झन यांच्या कारकीर्दीतील १९०४ च्या शिक्षणविषयक ठरावानंतर ही पद्धती आपल्याकडेही मागे पडली.

४. अमेरिकेतील पुराव्याचे स्वरूप

आता पुन्हा अमेरिकेकडे वळू. अर्नोल्ड व फुले यांनी अनुभवाने जे सांगितले, त्याची परीक्षा तेथील संशोधकांनी सांख्यिकीय पद्धतीने केली आहे. तिचे निष्कर्ष तीन मथळ्यांखाली मांडता येतात.

पहिला निष्कर्ष गुणांच्या फुगवट्याविषयी आहे. १९८७ मध्ये वेस्ट व्हर्जिनियातील जॉन कॅनेल या वैद्यकीय व्यावसायिकाने एक चमत्कारिक गोष्ट उघडकीस आणली. प्राथमिक शाळांच्या कसोट्यांत पन्नासही राज्ये आपली मुले राष्ट्रीय सरासरीच्या वर असल्याचे सांगत होती. सरासरीच्या व्याख्येनेच जे अशक्य, ते जुनी मानके व परिचयाचे प्रश्न यांमुळे शक्य झाले होते. त्यानंतर डॅनियल कोरेट्झ व त्यांचे सहकारी यांनी १९९१ मध्ये एका मोठ्या शाळा-विभागातील प्रयोग सादर केला. त्या विभागाने आपली जुनी कसोटी बदलून नवी घेतली, तेव्हा तिसरीच्या मुलांचे गणिताचे गुण पहिल्या वर्षी सुमारे अर्ध्या शैक्षणिक वर्षाइतके घसरले. चार वर्षांत ते पुन्हा पूर्वपदावर आले. ही सुधारणा खरी की भासमान, हे पाहण्यासाठी संशोधकांनी वापरातून गेलेली जुनी कसोटी मुलांस पुन्हा दिली. तेव्हा तीत गुण तेवढेच घसरलेले आढळले. मुले गणित अधिक शिकली नव्हती, ज्या कसोटीचा सराव होता तीच तेवढी शिकली होती. अर्नोल्ड यांच्या १८६७ च्या विधानाचे याहून नेमके सांख्यिकीय प्रमाण मिळणे कठीण आहे.

दुसरा निष्कर्ष मुलांच्या वर्गवारीचा आहे. टेक्सासमधील एका प्राथमिक शाळेचा जेनिफर बूहर-जेनिंग्ज यांनी केलेला अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. युद्धभूमीवरील रुग्णालयात जखमींची जशी विभागणी होते, तशी तेथे मुलांची झालेली त्यांस आढळली: आपोआप उत्तीर्ण होणारी, थोड्या साहाय्याने रेषा ओलांडू शकणारी, आणि आशा सोडून दिलेली. शिक्षकांचा जादा वेळ व लक्ष मधल्या गटास मिळे. शिकागोच्या शाळांतील गुणांचे डेरेक नील व डायेन शांझेनबाख यांनी २०१० मध्ये केलेले विश्लेषणही याच दिशेचे आहे. मधल्या स्तरातील मुलांचे गुण वाढले. अगदी तळाच्या मुलांस काहीच लाभ झाल्याचे दिसले नाही. प्रावीण्याची एकच रेषा आखून तिच्यावर शाळेचे भवितव्य टांगले, की रेषेपासून फार दूर असलेल्या मुलावर घेतलेली मेहनत हिशेबात कोठेच दिसत नाही. ज्याच्या नावाने कायदा झाला, ते मूल कायद्याच्याच तर्कशास्त्राने मागे राहिले. फुले यांनी शिक्षक कोणत्या वस्तीत शाळा काढील असे विचारले होते. येथे तोच प्रश्न एका वर्गखोलीतील बाकांसंबंधी उपस्थित झाला.

तिसरा निष्कर्ष अभ्यासक्रमाच्या संकोचाचा व त्यापुढील अधःपाताचा आहे. सेंटर ऑन एज्युकेशन पॉलिसी या संस्थेच्या २००७ मधील पाहणीनुसार ६२ टक्के शाळा-विभागांनी प्राथमिक वर्गांत भाषा व गणित यांचा वेळ वाढविला होता, आणि ४४ टक्के विभागांनी त्यासाठी विज्ञान, समाजशास्त्रे, कला, संगीत, इतकेच काय मधली सुट्टी यांपैकी कशाचा ना कशाचा वेळ कापला होता. अटलांटा शहरात याहून पुढची पायरी गाठली गेली. तेथील गुणवृद्धीची देशभर वाखाणणी झाली होती. जॉर्जिया राज्याच्या चौकशी-अधिकाऱ्यांनी जुलै २०११ मध्ये दिलेल्या प्रतिवृत्तात ५६ पैकी ४४ शाळांत गैरप्रकार आढळल्याचे व त्यांत १७८ शिक्षक-मुख्याध्यापक गुंतल्याचे नमूद केले. मुलांच्या उत्तरपत्रिकांवरील चुकीची उत्तरे खोडून तेथे बरोबर उत्तरे भरण्यात आली होती. २०१५ च्या एप्रिलमध्ये अकरा जणांस न्यायालयाने दोषी ठरविले, तेही संघटित गुन्हेगारीच्या कायद्याखाली. अपराध अपराधच होता, आणि त्याचे समर्थन कोणी करू नये. परंतु ज्या मुलाची उत्तरपत्रिका दुरुस्त करण्यात आली, त्याच्या नुकसानीचा विचार करावा. त्यास येत नाही हे कोणास कळलेच नाही. म्हणून त्यास शिकविलेही गेले नाही.

मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड कॅम्बेल यांनी १९७६ मध्ये या सर्वांचा नियम सांगून ठेविला होता. कोणताही संख्यात्मक निर्देशक सामाजिक निर्णयांसाठी जितका अधिक वापरला जाईल, तितका तो भ्रष्ट होण्याच्या दडपणाखाली येईल, आणि ज्या प्रक्रियेवर लक्ष ठेवण्यासाठी तो योजिला तिलाही विकृत करील, असा त्या नियमाचा आशय आहे.

५. प्रतिपक्षाचा विचार

येथे एक गंभीर शंका उपस्थित होते आणि तिला बगल देणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. या कायद्यापूर्वी कृष्णवर्णीय, गरीब वा अपंग मुलांचे अपयश शाळेच्या सरासरीखाली झाकून जात असे. गटवार निकाल जाहीर करण्याच्या सक्तीने ते प्रथमच देशासमोर उघडे पडले. म्हणूनच २०१५ मध्ये, न्यूयॉर्क राज्यातील सुमारे पाचवा हिस्सा विद्यार्थी पालकांच्या इच्छेने कसोटीपासून दूर राहिले असता, अनेक नागरी हक्क संघटना वार्षिक कसोटी कायम ठेवण्याच्या बाजूने उभ्या राहिल्या. ज्यांची गणनाच होत नव्हती त्यांना मोजले जाणे हाही एक हक्क वाटतो. शिवाय, थॉमस डी व ब्रायन जेकब यांच्या २०११ मधील अभ्यासानुसार या कायद्यामुळे चौथीच्या गणितात खरीखुरी प्रगतीही झाली. वाचनात मात्र तशी दिसली नाही.

या आक्षेपाचे वजन मान्य करूनही दोन गोष्टी सांगितल्या पाहिजेत. पहिली अशी की, उपेक्षा उघड करण्यास मापन पुरेसे आहे. त्यास दंडाची जोड देण्याची आवश्यकता नाही. अमेरिकेतच १९६९ पासून शैक्षणिक प्रगतीचे राष्ट्रीय मूल्यमापन चालू आहे. त्यात निवडक नमुन्यातील मुले बसतात, प्रत्येकास प्रश्नांचा काही भागच मिळतो, आणि कोणाही मुलाचा वा शिक्षकाचा निकाल त्यातून लागत नाही. त्यावर कोणाचे काहीच अवलंबून नसल्यामुळे त्याचा सराव करून घेण्याचे कारण कोणास नसते. राज्यांनी आपल्या कसोट्यांवर दाखविलेली झेप खरी किती, हे पडताळून पाहावयास संशोधकांस अखेर याच मूल्यमापनाचा आधार घ्यावा लागला. गटवार विषमता त्यातूनही दिसते, आणि ती अधिक विश्वसनीयपणे दिसते.

दुसरी गोष्ट अधिक मूलगामी आहे. अमेरिकेत शाळांच्या खर्चाचा मोठा वाटा स्थानिक मालमत्ता-करातून येतो. साहजिकच श्रीमंत वस्तीची शाळा श्रीमंत व गरीब वस्तीची शाळा गरीब राहते. टेक्सासमधील पालकांनी या विषमतेविरुद्ध दाद मागितली असता, १९७३ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी निर्णय दिला, की अशी व्यवस्था संघराज्याच्या घटनेविरुद्ध नाही. ज्या राष्ट्राने साधनांची समानता देण्याचे नाकारले, त्यानेच तीस वर्षांच्या आत निकालाच्या समानतेची सक्ती केली. या दोन घटना शेजारी ठेविल्या, की कायद्याचा नैतिक पाया किती डळमळीत होता हे ध्यानी येते. २०११ पर्यंत देशातील जवळजवळ निम्म्या शाळा वार्षिक लक्ष्य गाठण्यात अपयशी ठरल्या होत्या, आणि पुढे सरकारलाच राज्यांस सवलती द्याव्या लागल्या. मापनाने दाखविलेल्या उणिवेवर मदत पाठवावयाची की शिक्षा, हाच खरा प्रश्न होता. मदत महाग पडते. शिक्षेस खर्च नसतो, आणि ती सुधारणेसारखी दिसते. लो यांच्या स्वस्ताईच्या युक्तिवादाचे हे दूरचे प्रतिध्वनी होत.

२०१५ च्या नव्या कायद्याने शिक्षेचे अधिकार बव्हंशी राज्यांकडे सोपविले. वार्षिक कसोटी व गटवार निकाल मात्र कायम ठेविले. ही अर्धी सुधारणा आहे. तिचे फळ राज्याराज्यांत भिन्न असणार.

६. आपल्यापुरता निष्कर्ष

आपल्याकडे निकालावर वेतन अशी उघड पद्धती आज नाही. परंतु निकालावर प्रतिष्ठा, निकालावर प्रवेश आणि निकालावर वर्गतुकड्यांची संख्या हे व्यवहारात चालतेच. दहावीचा निकाल शंभर टक्के लागावा म्हणून कच्च्या विद्यार्थ्यास नववीतच थोपविणे, किंवा सतरा नंबरचा अर्ज भरावयास लावून त्यास बाहेरून बसविणे, हा प्रकार शिक्षकवर्गास अपरिचित नाही. शाळेच्या फलकावरील शंभराचा आकडा खोटा नसतो. तो फक्त गैरहजर मुलांविषयी काही सांगत नाही.

नमुना-पाहणीच्या स्वरूपाची राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षणेही आपल्याकडे होतात. त्यांचे मोल त्यांच्या निरुपद्रवीपणात आहे. राज्याराज्यांची, जिल्ह्याजिल्ह्यांची क्रमवारी लावून अधिकाऱ्यांस जाब विचारण्याकडे त्यांचा उपयोग जसजसा वळेल, तसतशी शाळांतून सर्वेक्षणाची ‘पूर्वतयारी’ सुरू होईल. आणि आपण स्वतःच्या हाताने आपला एकमेव सरळ आरसा वाकवून घेऊ.

आपल्या विभागातील संशोधकांशी या विषयाचा संबंध आणखी जवळचा आहे. पदव्युत्तर प्रबंधांतून ‘शैक्षणिक संपादन’ हे परतंत्र चल म्हणून घेण्याचा आणि त्यासाठी शाळेचे वा मंडळाचे गुण जसेच्या तसे उचलण्याचा प्रघात आहे. सहसंबंध गुणक दोन दशांश स्थळांपर्यंत काढला जातो. पण ज्या गुणांवरून तो काढला, ते कोणत्या दडपणाखाली जन्मास आले याची चौकशी होत नाही. कसोटीची विश्वसनीयता व सप्रमाणता यांविषयीची प्रकरणे आपण कर्तव्य म्हणून लिहितो. सप्रमाणता हा कसोटीचा कायमचा अंगभूत गुण आहे, असे मानूनच ती लिहिली जातात. कोरेट्झ यांच्या प्रयोगाचा धडा असा की, तीच कसोटी पहिल्या वर्षी सप्रमाण असते आणि चौथ्या वर्षी नसते, कारण मधल्या काळात तिच्यावर कोणाचे तरी भवितव्य अवलंबून राहिलेले असते. म्हणून कोणताही गुणांक हाती घेण्यापूर्वी संशोधकाने दोन प्रश्न विचारावेत: या गुणावर कोणाचे काय अवलंबून होते, आणि हा गुण मिळविण्याच्या खटाटोपात कोणते मूल नजरेआड झाले?

यांतील पहिला प्रश्न विसाव्या शतकातील संख्याशास्त्राने आपणांस शिकविला. दुसरा १८८२ मध्ये पुण्याहून पाठविलेल्या एका निवेदनात होता. आयोगाने तो अपवादाच्या कलमात ढकलला. निदान आपल्या प्रबंधांतून तरी त्यास पहिल्या प्रकरणात स्थान मिळावयास हवे.